किलोवर घेतलेली घंटा

जळगावच्या भांडेबाजारात घंटा घ्यायला गेलात की पहिला प्रश्न येतो, "किती किलोची दाखवू?" मी तीन फेऱ्या मारल्या. तिन्ही वेळा हाच प्रश्न. वाजायला कशी हवी, हे कोणी विचारलं नाही. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पहिल्या फेरीत जी फसगत झाली तिच्यात निम्मा वाटा माझ्या घाईचा होता. शिवाय दुकान वाईट नाही. पण घंटा घ्यायला निघालेल्या माणसाला माझ्या तीन फेऱ्यांतून काही कळलं तर त्याची एक फेरी तरी वाचेल.

मी भुसावळचा. रेल्वेत कॅरेज अँड वॅगनमध्ये बत्तीस वर्षं काढली. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन खाली उतरायचं आणि चाकाचाकाला टोला द्यायचा, हे माझं सुरुवातीच्या वर्षांतलं काम. चाक धड असेल तर खणखणीत बोलतं. भेग असेल तर बद्द. डिसेंबरात रात्री दोन वाजता कानाला मफलर गुंडाळलेला असला तरी बद्द आवाज लपत नाही. आता त्यासाठी अल्ट्रासॉनिक यंत्रं आली, आणि आली ते बरंच झालं. मी निवृत्त झालो तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "टोले द्यायची सवय आहेच तुम्हाला, आता रविवारची घंटा तुम्हीच सांभाळा." तेव्हापासून सांभाळतोय.

आमच्या चर्चची जुनी घंटा दीड फूट तोंडाची, विलायती, कडेची अक्षरं हिरवट थराखाली निम्मी बुजलेली. उपासनेआधी घाईचे टोले, मयताला संथ टोले, वर्षाच्या शेवटच्या रात्री बारा वाजता हात दुखेपर्यंत. संथ टोल्याला मी मनात आकडे मोजायचो. पंचविसाच्या पुढे गेलो तरी आवाज कुठेतरी शिल्लक असायचा. गेल्या एकतीस डिसेंबरला ऐन बाराला दोर तुटला. तरुण पोरांनी शिडी लावली आणि कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या पेटीतला घण काढून घंटेला हाणला. दहाबारा टोल्यांनंतर खालून मला ऐकू आलं. बद्द.

पोरांना मी रागावलो नाही. लंडनच्या बिग बेनचंही हेच झालं होतं. साडेतेरा टनांहून जड घंटा, 1859 साली वाजायला लागली आणि काही महिन्यांतच तडकली. हातोडा सांगितल्यापेक्षा दुपटीहून जड बसवला होता. पुढे घंटा थोडी फिरवून हलका हातोडा लावला. तडा आजही तसाच आहे आणि जगभर तोच आवाज ऐकतात. आमचा तडा मात्र काठापासून वीतभर वर गेला होता. टोला दिला की फुटकं मडकं.

तर नवी घंटा. पंचांनी पंचवीस हजार मंजूर केले. तेवढ्यात जुनीइतकी मोठी घंटा येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिली फेरी पाऊण तासात आटोपली. दुकानात घंटा पोत्यावर ओळीने मांडलेल्या, लहानापासून मोठ्यापर्यंत, आरशासारख्या चकचकीत. शेठ गल्ल्यावर, मुलगा माल दाखवायला. मुलगा गोड बोलणारा. "काका, पंचधातूची आहे, अठरा किलो दोनशे ग्रॅम." मी बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. त्याने एका हाताने कडी धरून घंटा पोत्यावरून चार बोटं उचलली आणि दुसऱ्या हाताने आतला लोळा आपटला. दुकानात चाळीस भांडी, समोर रिक्षांचे हॉर्न. मोठा आवाज आला, मला बरा वाटला. किलोला एक हजार पन्नास दराने एकोणीस हजार एकशे दहा रुपये मोजले आणि घंटा टेम्पोत घातली. हमाल अमळनेरकडचा, म्हातारा. घंटा ठेवताना म्हणाला, "भाऊ, पितळ शे पितळ. आवाज तं देईच." तो बरोबर बोलत होता, माझ्या ध्यानात आलं नाही.

चर्चमध्ये टांगली, रविवारी ओढली. टोला पडला तेव्हा आवाज जुन्या घंटेपेक्षा मोठा. आणि मग संपला. मी मोजलं, पाचपर्यंतही पोचलो नाही. पाठीमागच्या बाकावरच्या एका आजीने विचारलं, "शाळा सुटली का?"

घरी आल्यावर एक प्रयोग केला, तो सगळ्यांनी करावा असा आहे. तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी जुन्या घरांत असतेच. ती बोटांच्या टोकांवर ठेवायची आणि शेजारी तेवढीच पितळेची वाटी. दोन्हींना पेन्सिलीने टिचकी. पितळेची बोलते आणि गप्प बसते. काशाची बोलत राहते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील. चर्चच्या घंटा ओतणारे कारागीर शतकानुशतकं तांब्यात पाचव्या हिश्शाहून थोडं जास्तच कथील घालत आले आहेत. साधारण अठ्ठ्याहत्तर भाग तांबं, बावीस भाग कथील. एवढ्या कथिलाने धातू ठिसूळ होतो, घण बसला की तडकतो, पण वाजतो. जस्ताचा धातू पडला तरी फुटणार नाही आणि मेला तरी गाणार नाही. पंचधातू हा शब्द ऐकला की आता मी आतून काठाशी कानशीचा एक फटका मारू देता का, असं विचारतो. आत पिवळंजर्द निघालं तर पितळ. कासं फिकट असतं, राखाडीकडे झुकलेलं.

आमची ही पेटी वाजवते, उपासनेत गाण्यांना तिचीच साथ असते. जुनी घंटा फुटण्याच्या कितीतरी आधी तिने मला एकदा घंटेचा स्वर पेटीवर शोधून दाखवला होता. एक पट्टी दाबली, म्हणाली हा सा. मग म्हणाली, पण आत आणखी कोणीतरी आहे, आणि कोमल गंधार दाबला. दोन्ही मिळून घंटाच ऐकू आली. मी चकित. नंतर कळलं की पाश्चात्त्य घंटेचा तो आकारच तसा आहे. आत एकाच वेळी अनेक स्वर असतात: खाली एक सप्तक सोडून घुमणारा गुंजारव, मधला सा, त्याच्यावर कोमल गंधार, पंचम, वरचा सा. आणि गंमत अशी की टोला पडताना आपल्याला जो मुख्य स्वर ऐकू येतो तो धातूत वेगळा असा नसतोच. वरच्या स्वरांच्या हिशेबाने कान तो स्वतः तयार करतो. लग्नाची घंटा असली तरी तिच्यात थोडी उदासी का वाटते, हे मला त्या कोमल गंधारामुळे समजलं. शुद्ध गंधार लागावा म्हणून हॉलंडात लोकांनी गेल्या शतकात आकार बदलून वेगळ्या घंटा बनवल्याही. मला त्या नकोत.

हे स्वर एकमेकांशी जुळवायचे तर घंटा उलटी करून चरकावर, म्हणजे लेथवर, बसवतात आणि आतून धातू तासतात. कुठे तासलं की कोणता स्वर उतरतो, याचं गणित सतराव्या शतकात नेदरलँड्समधल्या हेमनी बंधूंनी बसवलं. कान होता उट्रेख्टच्या याकोब फान आइक या अंध वादकाचा. जुळलेल्या घंटांचा त्यांचा पहिला संच 1644 चा, झुटफेन गावातला. तासताना जपावं लागतं, कारण काढलेला धातू परत लावता येत नाही. चरकावर काम केलेला माणूस हे वाक्य वाचून मान हलवेल.

दुसऱ्या फेरीत मी हे सगळं शेठच्या मुलाला सांगायला गेलो. त्याने पाणी दिलं, ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "काका, खर्जातला आवाज पाहिजे तर जाड घ्या. ही बघा बावीस किलोची." इथे दुकानाच्या पाच ताऱ्यांतला अर्धा तारा कापतो. तोंड तेवढंच ठेवून घंटा जाड केली तर आवाज चढतो, उतरत नाही. खाली यायचं तर तोंड मोठं हवं. त्याच आकाराची घंटा एक सप्तक खाली हवी असेल तर तोंड दुप्पट करावं लागतं आणि वजन आठपट होतं. अठरा किलोचे एकशे चव्वेचाळीस. वजनावर विकणाऱ्याने एवढा हिशेब तरी ठेवावा.

त्याच दिवशी आमच्या सेक्रेटरींनी फोनवर नवी टूम काढली. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. तिथे पंचहौदातल्या पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत. मग आपणही एका मोठीऐवजी आठ लहान घ्याव्यात, गाण्याची चाल वाजेल. दुकानात तशा आठ होत्याही, एकाच मापाच्या. मी त्या एका बांबूला टांगायला लावल्या आणि ओळीने ठोकल्या. एकाच साच्यातल्या आठ बहिणी, आठ तऱ्हेने बेसूर. ओतीव कामात हे व्हायचंच. तासून सुरात आणल्याशिवाय सा रे ग म होत नाही.

पुण्याचा तो मनोरा मी भाचीच्या लग्नाला गेलो तेव्हा पाहिला आहे. आठ घंटा म्हणजे चाली वाजवायच्या, असा माझाही समज होता. इंग्लंडमध्ये वेगळंच चालतं. तिथे घंटा मोठ्या चाकाला बांधतात, दोराने ओढून तोंड वर करून उभी करतात आणि प्रत्येक ओढीला ती पूर्ण गोल फिरून येते. अशी टनभराची घंटा गाण्याच्या लयीत पळवता येत नाही. वाजवणारा फार तर किंचित थांबवू शकतो किंवा किंचित लवकर सोडू शकतो. म्हणजे रांगेत पुढच्या किंवा मागच्या घंटेशी जागा बदलायची, एवढंच त्याच्या हाती. भुसावळ यार्डातलं शंटिंग पाहिलेल्याला हे समजवावं लागत नाही. डबा एकदम पाच डबे ओलांडून जात नाही.

मग त्यांनी त्यातूनच संगीत केलं. चाल सोडून दिली आणि क्रम वाजवायला घेतले. एकच क्रम दुसऱ्यांदा आला तर चूक. तीन घंटांचे सहा क्रम, चारचे चोवीस, पाचचे एकशे वीस, सहाचे सातशे वीस, सातचे 5040. सातचे सगळे वाजवायला तीन तासांच्या आसपास लागतात, समोर कागद नाही, सगळं पाठ. आठचे 40320 होतात. ते 1963 साली लॉफबरोला आठ जणांनी एका बैठकीत वाजवले, अठरा तासांना दोन मिनिटं कमी. त्यांना मध्ये चहा कसा मिळाला असेल, हा प्रश्न मला अजून पडतो.

मी हे मुलीला सांगितलं. ती चाळीसगावला गणित शिकवते. ती हसली आणि म्हणाली, "पप्पा, 5040 आपल्याकडे जुनं आहे." भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे 1150 सालच्या पुस्तकात, शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण आहे, ते याच हिशेबाचं. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला सापडला. देवगिरीचा यादव राजा सिंघण याच्या काळातला. त्याच सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला आणि त्यात सात स्वरांचे 5040 क्रम कसे मांडायचे, ते सांगितलं. गवई त्याला खंडमेरू म्हणतात. पूर्वी मी तिथे पाटणादेवीला गेलो तेव्हा नुसता धबधबा पाहून परत आलो होतो, याची हे ऐकल्यावर लाज वाटली. इंग्रज दोर ओढत होता आणि आपला गवई गळ्याने करत होता, आकडा एकच.

सेक्रेटरींना मी एवढं सगळं सांगितलं नाही. "आठ घंटांना आठ माणसं लागतील आणि दर आठवड्याला सराव," असं म्हणालो. टूम तिथेच संपली.

तिसऱ्या फेरीआधी नाशिकला जाण्याचा योग आला, तेव्हा रामकुंडाजवळ नारोशंकराच्या देवळात जाऊन घंटा बघून आलो. मोठ्या आवाजाच्या माणसाला 'नारोशंकराची घंटा' म्हणतात, ती म्हण सगळ्यांना ठाऊक, घंटा कमी लोकांनी नीट पाहिलेली. पोर्तुगीज घंटा, 1721 सालची. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि देवळादेवळांत गेल्या. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे. नारोशंकर म्हणजे ज्याने आमच्या शेजारचा मालेगावचा किल्ला बांधला तोच सरदार. गोदावरीला पूर आला की पाणी घंटेपर्यंत चढलं का, हे नाशिककर बघतात. मी खाली उभा राहून बघत होतो. तिथल्या एका गृहस्थांनी विचारलं, "कुठून आलात?" म्हटलं, भुसावळहून, चर्चची घंटा वाजवतो. ते म्हणाले, "मग तुमचीच आहे की." दोघेही हसलो. लूट ती लूटच, पण काम तेच दिलं गेलं; वितळवून तोफ केली असती तर कोणी विचारलं नसतं.

आता तिसरी फेरी. या फेरीला मी लाकडी मोगरी घेऊन गेलो, सुताराकडची. शेठ स्वतः बोलायला बसले होते. त्यांनी आधी मला नगारा-घंटा यंत्र दाखवलं, बटण दाबलं की नगारा, झांज आणि घंटा एकदम वाजतात ते. सध्या सगळ्यात जास्त खपतं म्हणे. चर्चला त्याचा उपयोग नाही, आणि खरं सांगायचं तर आरतीलाही चार पोरं टाळ घेऊन उभी राहिली तर जास्त बरं वाटतं. पण शेठनी बटण दाबलं, अर्धा मिनिट कान बधिर झाले, आणि त्यांनी बंद केलं. तेव्हा मागच्या बाजूने एक बारीक आवाज येत राहिला. यंत्र बंद, आवाज चालू. दुकानातल्या टांगलेल्या भांड्यांपैकी कोणीतरी त्या गोंगाटातला आपला स्वर उचलून धरला होता आणि सोडत नव्हतं.

मी उठून मागे गेलो. गोदामाच्या दाराशी, खुंटीला, धूळ खात एक घंटा टांगलेली. फिकट, राखाडी, अजिबात न चमकणारी. मोगरीने काठाच्या जाड भागावर हलकेच टोला दिला. एकवीसपर्यंत मोजलं. शेठ म्हणाले, "ती नका घेऊ, परत आलेला माल आहे. एका गावाने मंदिरासाठी ऑर्डर देऊन काशाची बनवून घेतली आणि रंग उठत नाही म्हणून परत केली." तेरा किलो सहाशे. तोंड माझ्या पितळी घंटेएवढंच, अंगाने पातळ.

भाव सतराशे रुपये किलो. तेवीस हजार एकशे वीस झाले. पितळी घंटा परत घेताना त्यांनी किलोला शंभर रुपये घट कापली, म्हणजे एक हजार आठशे वीस माझ्या मूर्खपणाचे. वरचे पाच हजार आठशे तीस भरले. घट कापण्यावर माझी तक्रार नाही, दीड महिना टांगून ओढलेली घंटा होती. तक्रार आहे ती पंचधातू या शब्दाबद्दल. तो बिलावरही लिहिलेला होता. मी बोट ठेवलं तेव्हा शेठ म्हणाले, "तसं लिहायची पद्धत आहे."

दुसरी तक्रार लोळ्याची. दोन्ही घंटांना एकच लोखंडी सळई, टोकाला वेल्डिंगचा गोळा, घंटेच्या मानाने फार जड आणि आखूड. तो काठावर न लागता दोन बोटं वर लागत होता. घंटा वाजते ती काठाच्या जाड भागावर टोला बसला तरच. माझ्या जुन्या सोबत्याने लेथवर नरम लोखंडाचा हलका लोळा करून दिला, वर कडीत चामड्याची पट्टी घातली. सहाशे रुपये, आणि त्याला जेवण. त्यानंतर आवाजातली ती आदळआपट गेली.

घंटा टांगून आता चार महिने झाले. पेटीवर हिने पाहिलं. कोमल गंधार आहे, जवळजवळ. खालचा गुंजारव मात्र सा-वर बसत नाही, निषादाकडे घसरतो. तासून घेतली नसल्यामुळे तो दोष राहणारच. दुपारी जाणवत नाही. पहाटे, यार्डात गाडी नसताना, जाणवतो. जुन्या घंटेची भरपाई ही नाही. जुनी पाळकसाहेबांच्या खोलीत उशा लावून ठेवली आहे. शेठ तिला मोडीच्या भावाने घ्यायला तयार होते, काट्यावर चढवायलाही निघाले होते. मी हात धरला.

पाचपैकी साडेतीन देतो. अर्धा कापला जाड घंटेच्या सल्ल्याला, अर्धा लोळ्याला, अर्धा बिलावरच्या शब्दाला. दुकानदारांना एकच सांगणं: आढ्याला एक हूक बसवा. पोत्यावर ठेवलेली घंटा ही घंटा नसते, भांडं असतं.

परवा शेठच्या मुलाचा फोन आला. सावद्याकडची माणसं देवळासाठी घंटा घ्यायला येणार आहेत, आणि त्यांनी फोनवर विचारलं म्हणे की काशाची आहे का. "काका, मंगळवारी मोकळे आहात का? तुमची ती लाकडी हातोडी घेऊन या." हूक बसवला का, म्हणून विचारलं. म्हणाला, दोन बसवलेत.